कॅमेरा सोडून बाकी सगळं

३ ऑगस्ट, रविवार

कॅमेरा आला. डिजिटल एसएलआर. आयुष्यातला पहिला. खोका उघडताना माझे हात थरथरत नव्हते, हे मुद्दाम लिहून ठेवतो. बायको पुढेमागे उलट सांगेल.

संकल्प: १४ सप्टेंबरला आई पंचाहत्तर वर्षांची होते. धाकटा भाऊ विमानाने येतोय, कितीतरी वर्षांनी. ताई तिच्या लवाजम्यासकट येणार. सोसायटीचा हॉल ठरला आहे. त्या दिवसाचे सगळे फोटो मी काढणार.

जेवताना तसं जाहीर केलं. बायको म्हणाली, हो का. कन्या मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, भारी. आई म्हणाली, आणखी थोडा भात घे. म्हणजे सर्वानुमते मंजूर.

आज फोटो काढला नाही. बॅटरी चार्ज व्हायची आहे.

४ ऑगस्ट

बॅटरी चार्ज झाली. तरी फोटो काढला नाही, कारण संध्याकाळी साडू आले. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. फोटोग्राफीतलं जुनं खोड. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, वजन केलं, लेन्सवर फुंकर मारली आणि म्हणाले, हा तर नुसता नवरदेव झाला, वऱ्हाड कुठंय?

मला समजलं नाही. त्यांनी समजावलं. बॅग नाही, ट्रायपॉड नाही, फिल्टर नाही, फ्लॅश नाही, आणि हे निघाले फोटो काढायला! मला लाज वाटली. कालच्या कालच दोन-चार फोटो काढले असते तर काय अनर्थ झाला असता.

साडू म्हणाले, बाजारात जाऊन फसू नका. माझंच सामान तुम्हाला देतो, घरच्या भावात. डोळ्यांत पाणी आलं. हल्ली स्वतःचा वारसा असा कोण कोणाला देतो?

निर्णय: वऱ्हाड पूर्ण झाल्याशिवाय शटर दाबायचं नाही.

७ ऑगस्ट

साडूंची बॅग आली. काळी, दणकट, असंख्य कप्पे. कॅमेरा आत ठेवला. मग तो सापडेना. अर्ध्या तासाने सापडला. उत्कृष्ट बॅग. चोराचीही हीच गत होईल.

बॅगेला एक वास आहे. साडू म्हणतात अनुभवाचा. बायको म्हणते बुरशीचा. बॅग तूर्त गॅलरीत.

९ ऑगस्ट

यूव्ही फिल्टर आला. लेन्सच्या काचेपुढे लावायची आणखी एक काच. लेन्स पडली तर आधी फिल्टर फुटतो आणि लेन्स वाचते. कन्या म्हणाली, पण बाबा, दोन्ही पाडणारा तूच ना? या पिढीला प्रिकॉशन म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

१० ऑगस्ट, रविवार

ट्रायपॉड. तीन पाय, त्यातला एक जरा आखडतो. हॉलच्या मध्यभागी उभा करून ठेवलाय, डोळ्यांना सवय व्हावी म्हणून. आता स्वयंपाकघरात जाताना प्रत्येकाला तिरकं व्हावं लागतं. घराला प्रथमच शिस्त आली.

आईला वाटलं कपडे वाळत घालायचा स्टँड. तिने त्यावर टॉवेल टाकला. मी तिला शांतपणे ट्रायपॉडचं महत्त्व सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. आईच एक घरात माझं ऐकते.

संध्याकाळी ट्रायपॉडवर माझाच बनियन. गुन्हेगार सापडला नाही.

१३ ऑगस्ट

आज ऑफिसात संधी चालून आली. आमची कंपनी बाटल्यांची झाकणं बनवते आणि मी क्वालिटी कंट्रोलला आहे. साहेबांना नव्या झाकणाचा फोटो हवा होता, गिऱ्हाइकाला पाठवायला. मी म्हटलं, मी आहे ना. कॅमेरा, बॅग, ट्रायपॉड सगळं नेलं होतं, योगायोगाने. टेबलावर पांढरा कागद पसरला. मधोमध झाकण. ट्रायपॉड आखडत्या पायाखाली पुठ्ठा घालून लेव्हल केला. शेजारी मशीन चालू असल्याने टेबल हादरत होतं, म्हणून सुपरवायझरला म्हटलं, जरा मशीन थांबवा. तो हसला. मला वाटलं हो म्हणाला.

लंच ब्रेकची वाट बघत बसलो. मशीन बंद झालं की शॉट घ्यायचा. तेवढ्यात साहेब आले, खिशातून मोबाइल काढला, उभ्या उभ्या फोटो घेतला आणि तिथल्या तिथे पाठवून दिला. गिऱ्हाइकाचं उत्तरही आलं. झाकण आवडलं म्हणे.

क्वालिटी कंट्रोलच्या माणसासमोर असली गोष्ट करायची! माझ्या पाठीत खंजीर खुपसला आणि वर चहा मागवला. चहा मी घेतला. पण मनापासून नाही.

१४ ऑगस्ट

लेन्सचं झाकण हरवलं. झाकणांच्या कंपनीत. साहेबांनी अख्ख्या मजल्याला सांगितलं. आमच्या कंपनीतली एकूण एक झाकणं लावून पाहिली. शाम्पूचं जवळपास बसतं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज पोर्ट्रेटची तालीम. फोटो काढायचा नाही, फक्त तालीम. आईला गॅलरीत खुर्चीवर बसवलं. तिने विचारलं, केस नीट करू का? मी म्हटलं, तू नैसर्गिक राहा. मग ऊन कोणत्या बाजूने येतंय ते बघितलं. खुर्ची फिरवली. पडदा सरकवला. परत खुर्ची फिरवली. ट्रायपॉड उंच केला. तेवढ्यात ऊन सरकलं. पुन्हा खुर्ची.

सगळं जमून आलं तेव्हा आईला झोप लागली होती. चेहऱ्यावर काय सुंदर उजेड होता! पण झोपलेल्या माणसाचा फोटो त्याला न विचारता काढावा की नाही, हा नैतिक प्रश्न. विचारायला उठवलं. उठवल्यावर तो उजेडही गेला आणि ती झोपही.

आई म्हणाली, झाला का रे फोटो? मी म्हटलं, ही तालीम होती. ती म्हणाली, बरं. मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. कौतुकाने.

१९ ऑगस्ट

पहिला फोटो निघाला! चुकून. कॅमेरा बॅगेत ठेवताना बटण दाबलं गेलं. बॅगेच्या आतल्या कप्प्याचा आहे. शार्पनेस उत्तम. अस्तरावरची बुरशीसुद्धा स्पष्ट दिसते. म्हणजे बायकोचं म्हणणं खरं होतं. तिला फोटो दाखवला नाही.

२२ ऑगस्ट

रिफ्लेक्टर. गोल, चकचकीत, घडी घालून पिशवीत बसतो. चेहऱ्यावर उजेड परतवायला. पिशवीतून बाहेर काढताच तो धाडकन उघडतो, हे साडूंनी सांगितलं नव्हतं. मी पिशवीची चेन लिफ्टमध्ये उघडली. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांनी गेल्या महिन्यातच हृदयाची तपासणी करून घेतलेली. निष्कर्ष चांगला निघाला होता म्हणे, आता परत करून बघणार आहेत.

घडी परत घालता आली नाही. रिफ्लेक्टर पलंगाखाली. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी दिसतो.

२६ ऑगस्ट

फ्लॅश आला. तो कॅमेऱ्यावर लावून कन्येवर टेस्ट केला. ती अभ्यास करत होती. आता म्हणते डोळ्यांपुढे हिरवं दिसतंय, आज अभ्यास होणार नाही. बायको माझ्यावर चिडली. कन्या मात्र आनंदात मोबाइल बघत होती. हिरव्यातून बघत असावी.

आता फक्त लांबून शटर दाबायचा रिमोट राहिला. मग वऱ्हाड पूर्ण.

३० ऑगस्ट

लिहवत नाही. पण लिहितो.

रिमोट आणायला साडूंच्या घरी गेलो. साडू बाहेर गेले होते. मेव्हणीने, म्हणजे साडूंच्या बायकोने, दार उघडलं. इतकी प्रसन्न ती मला आजवर कधी दिसली नव्हती. पाणी दिलं, बिस्किटं दिली आणि मला आतल्या खोलीत नेऊन एक कपाट उघडून दाखवलं. रिकामं. म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू? दहा वर्षं हे कपाट अडून पडलं होतं. तो तीन पायांचा तर भंगारवालासुद्धा नेईना, म्हणाला एक पाय वाकडा आहे. आता इथे माझी इस्त्री आणि चादरी.

मी विचारलं, मग ते स्वतः फोटो कशाने काढतात? ती म्हणाली, मोबाइलने! कॅमेरा कधीच विकून टाकला. फक्त हे सामान कोणी घेईना.

वारसा म्हणे. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

आजपासून साडूंना 'ते' म्हणणार नाही. 'तो' म्हणणार. निदान इथे.

३१ ऑगस्ट, रविवार

साडूला जाब विचारायला गेलो. सगळं सामान परत करणार होतो, पण रिफ्लेक्टर पलंगाखालून निघेना. तसाच गेलो. स्पष्ट शब्दांत बोललो. म्हणजे, मी दार वाजवलं आणि गंभीर चेहऱ्याने उभा राहिलो. तो मनात समजला. आत गेला आणि आणखी दोन फिल्टर घेऊन आला. एक पोलरायझर, एक एनडी. एनडी म्हणजे लेन्सचा काळा चष्मा. म्हणाला, हे तुम्हाला असेच, पैसे नकोत.

म्हणजे चूक कबूल केली. नुकसानभरपाई घेऊन घरी आलो. त्याच्याशी येताना एक अक्षर बोललो नाही. फक्त थँक्यू म्हटलं.

तिन्ही फिल्टर एकावर एक बसतात. लेन्सला भारदस्तपणा आला.

५ सप्टेंबर

एक गोड धक्का. बायकोचा फोन टेबलावर वाजत होता, ती अंघोळीला गेलेली. मी उचलला. पलीकडून एक दणदणीत आवाज. म्हणाला, वहिनींना सांगा, चौदा तारखेला मी फोटोसाठी किती वाजता येऊ?

मी क्षणभर गोंधळलो. मग लख्ख प्रकाश पडला. बायकोने माझ्यासाठी असिस्टंट ठेवलाय! सरप्राइज! सामान उचलायला माणूस लागणार हे तिच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांच्या संसारात मीच तिला ओळखलं नाही.

तिला काही सांगितलं नाही. सरप्राइज मोडू नये. फोनवर त्याला मात्र म्हटलं, तासभर आधी ये, काम समजावून देतो. तो म्हणाला, काम? मी म्हटलं, काळजी करू नकोस, सोपं असतं.

६ सप्टेंबर

असिस्टंटच्या कामांची आखणी केली. ट्रायपॉड उभा करणे. पुठ्ठा आणणे. रिफ्लेक्टर धरणे (मी आधी मोकळ्या जागेत उघडून देईन). माझ्याकडे बॅटरी सरकवणे. फुरसतीत त्याला कलेविषयी दोन शब्द सांगेन. बिचाऱ्याला कोणी सांगितले नसतील.

बायकोला दिवसभर प्रेमाने वागवलं. तिने दोनदा विचारलं, बरं नाही का?

८ सप्टेंबर

तो असिस्टंट नाही. फोटोग्राफर आहे.

बायकोने सांगितलं. मीच तिला म्हटलं होतं की तुझं सरप्राइज मला कळलं, पोरगा कामाचा वाटतो. तर ती पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, अहो, तो फोटो काढायला येतोय. मी म्हटलं, मी असताना? ती म्हणाली, तुम्ही पण काढा की.

पण! त्या एका शब्दाने तिने मला हॉलच्या दाराबाहेर उभं केलं.

विचारलं, कोणी ठरवलं? म्हणाली, ताईंनी.

९ सप्टेंबर

ताईला फोन केला. ताईने आधी तब्येत विचारली, मग हवामान विचारलं, मग म्हणाली, हे बघ, चिडू नकोस. तेव्हाच समजलो. म्हणाली, नंबर तुझ्या साडूने दिला. साडूला फोन केला. तो म्हणाला, मला नंबर मागितला, मी दिला, माणूस चांगला आहे, मोबाइलपेक्षा बरे काढतो. मी फोन ठेवला. त्याचं बोलणं अजून चालू होतं.

कन्येलाही माहीत होतं. धाकट्याला तर विमानाचं तिकीट काढायच्या आधीपासून माहीत होतं! समुद्रापलीकडच्या माणसाला ठाऊक आणि एका पलंगावर झोपणाऱ्याला नाही. घरात खलबतं झाली, मतं घेतली गेली, आणि मी हॉलमध्ये बसून ट्रायपॉडला तेल लावत होतो.

निर्णय: कोणाशीही बोलायचं नाही. अपवाद आई. या सगळ्या कटात तिचा हात नाही. आईचं काळीज असं करणार नाही.

११ सप्टेंबर

धाकटा आला. विमानतळावर मिठी मारली. मीही मारली, पण सैल. त्याच्या लक्षात आलं असावं. म्हणाला, दादा, पाठ दुखतेय का?

१२ सप्टेंबर

सगळे गप्पा मारत बसलेले. मी गॅलरीतून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, बॅगेतला वास गेला का ते बघायला गेलो होतो. बायको ताईला सांगत होती की मला वाईट वाटलंय. ताई म्हणाली, मग मी काय करू, आईनेच तर हट्ट धरला. मी तिला म्हटलं होतं की तो एवढं म्हणतोय तर काढू दे त्याला. पण आई ऐकेचना. फोटोवाला हवा म्हणजे हवा.

आई.

बाकीच्यांचं सोडा. साडू परका. बायको दुसऱ्या घरातून आली. ताईचं लग्न होऊन गेलं. धाकटा तर उडूनच गेला. पण आई! जिच्यासाठी हे सगळं वऱ्हाड जमवलं!

आत गेलो. आईने विचारलं, माझा चष्मा बघितलास का रे? तिच्या डोक्यावरच होता. मी एक शब्द न बोलता तो काढून तिच्या हातात दिला. माझ्या मौनातून तिला काय ते समजलं असेल. ती म्हणाली, शहाणा माझा.

१४ सप्टेंबर, रविवार

ठरवलं की जायचंच. आणि दाखवून द्यायचं. कोणाला काय ते तिथे गेल्यावर ठरवू.

गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्यावर फ्लॅश, पुढे तिन्ही फिल्टर, पाठीवर बॅग, एका हातात ट्रायपॉड. रिफ्लेक्टर दारातून आडवा न्यावा लागला. हॉलमध्ये शिरताना ताईच्या नणंदेला वाटलं, मी टीव्हीवाला आहे. सुरुवात चांगली झाली.

तो फोटोग्राफर भलताच जाडजूड, च्युइंगम चघळणारा. एक कॅमेरा, बस्स. ना ट्रायपॉड, ना रिफ्लेक्टर. सारखा ओरडतो, हसा हसा हसा! मला तर त्याची कीवच आली. त्याने दोनदा मला म्हटलं, साहेब, स्टँड जरा बाजूला, फ्रेममध्ये येतोय. मी म्हटलं, तू माझ्या फ्रेममध्ये येतोयस. तो हसला. अशा माणसाशी भांडणसुद्धा होत नाही.

रिफ्लेक्टर साडूच्या हातात दिला. तासभर धरायला लावला. म्हटलं, तुमचंच आहे, तुम्हालाच जमेल. हा एक क्षण चांगला गेला.

मी भरपूर फोटो काढले. केक कापताना, केक भरवताना, केक सांडताना. स्क्रीनवर तपासत बसलो नाही. खरा फोटोग्राफर स्क्रीन बघत नाही, हे साडूने सांगितलं होतं. माणूस वाईट असला तरी ज्ञान वाईट नसतं.

मग ग्रुप फोटो. आईला मध्ये बसवलं. एका बाजूला ताई, मागे धाकटा. आईने मला हाक मारली, ये रे, इकडे उभा राहा. मी म्हटलं, एक मिनिट. माझा बेत असा की माझ्याच ट्रायपॉडवरून टायमर लावून हाच फोटो घ्यायचा आणि पळत जाऊन फ्रेममध्ये उभं राहायचं. म्हणजे फोटोही माझा आणि फोटोत मीही. एका दगडात दोन पक्षी. टायमर लावला आणि बॅटरी संपली. दुसरी बॅटरी बॅगेत. बॅगेच्या कुठल्या कप्प्यात, हाच प्रश्न. आईने परत हाक मारली. मी म्हटलं, आलो, आलो. तेवढ्यात तो जाड्या हसा हसा करून मोकळा झाला.

मी वर बघितलं तेव्हा सगळे जेवायला निघाले होते. म्हटलं, नंतर घेऊ. पण धाकट्याचं परतीचं विमान संध्याकाळचंच होतं. तो हॉलमधूनच गेला. जाताना आईच्या पाया पडला, आणि आईने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. मी तेव्हा ट्रायपॉडचा आखडलेला पाय मिटत होतो.

१५ सप्टेंबर

फोटो कॉम्प्युटरवर टाकले. सगळे काळे आहेत. अगदीच काळे नाहीत. मधोमध एक गोल आहे आणि त्या गोलात अंधूक काहीतरी हलतंय. कन्या म्हणाली, बाबा, हे बोगद्यातून काढलेत का? मग तिने लेन्स हातात घेऊन एकावर एक तीन काचा बघितल्या आणि बाहेर गेली. बाहेरून हसण्याचा आवाज आला. बायकोचाही.

या शैलीला लो-की म्हणतात. जगात मान आहे तिला. एका फोटोत केकवरची मेणबत्ती ओळखू येते. बहुधा मेणबत्ती. साडूच्या चकचकीत रिफ्लेक्टरचाही असेल तो ठिपका.

फिल्टरही त्याचेच. शेवटचा घावही त्यानेच घातला, आणि तोही फुकट.

१७ सप्टेंबर

ऑफिसात साहेबांनी विचारलं, कसे आले फोटो? मी म्हटलं, प्रोसेसिंग चालू आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

जाड्याने अल्बम आणून दिला. बघणार नव्हतो. आईला पानं उलटायला मदत हवी होती म्हणून बसलो. फोटो चांगले आलेत. फारच चांगले. ताईच्या चेहऱ्यावर हसू आहे, धाकट्याच्या डोळ्यांत पाणी दिसतंय. काही फोटोंच्या कडेला ट्रायपॉडचा एखादा पाय आलाय, तेवढीच माझी उपस्थिती.

मग ग्रुप फोटोचं पान आलं. मध्ये आई. डावीकडे ताई. मागे धाकटा. उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी. आईचा हात त्या जागेकडे लांब केलेला, तोंड थोडं उघडं. हाक मारतानाच पकडलाय तिला. आणि खाली कोपऱ्यात एक वाकलेली पाठ आणि एक काळी बॅग. चेहरा नाही. चेहरा बॅगेत.

आई त्या पानावर थांबली. मला वाटलं, आता विचारायची वेळ आली. म्हटलं, आई, फोटोवाला तूच बोलावलास ना? ती म्हणाली, हो. एवढं सरळ. मी म्हटलं, माझ्यावर भरवसा नव्हता, तर मला सांगायचंस. ती म्हणाली, भरवशाचं काय त्यात? तू चांगले काढशील, वाईट काढशील, मला काय कळतंय!

मग तिने सांगितलं. तुझ्या बाबांना फोटोंचा भारी नाद. तुम्हा तिघांचे वाढदिवस, शाळा, सहली, सगळे फोटो त्यांनीच काढले. कपाटात पिशव्या भरून आहेत. पण त्यातल्या एकातही ते नाहीत. एखाद्या फोटोत उन्हात पुढे सावली पडलेली दिसते, ती त्यांची. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधला. मिळेना. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला, त्यात कानावर शिक्का उमटलेला आहे. तू बघतोस ना रोज?

रोज बघतो. शिक्का मला कधी दिसला नव्हता.

आई म्हणाली, तू कॅमेरा घेऊन आलास ना, तेव्हाच मला वाटलं, गेला, हाही गेला. आता हाही कुठल्या फोटोत सापडायचा नाही. म्हणून ताईला म्हटलं, फोटोवाला बोलाव. तो फोटो काढेल, माझी तिन्ही पोरं फोटोत येतील.

यावर माझा मुद्दा असा होता की हे मला आधी सांगायला हवं होतं. मुद्दा बरोबर आहे. अगदी तोंडावर होता. पण आई चष्मा काढून पदराने पुसत होती आणि तो पुसला जात नव्हता. माझ्या खिशात लेन्स पुसायचं खास कापड होतं. ते दिलं. त्याने चांगलं पुसलं जातं.

२३ सप्टेंबर

ट्रायपॉड हॉलमधून हलवला. सगळे अजून तिरकेच चालतात. सवय.

२८ सप्टेंबर, रविवार

धाकटा आता लवकर यायचा नाही. फोटो परत काढता येत नाही. कन्येने उपाय काढला. म्हणाली, बाबा, तुझा एक वेगळा फोटो घेते आणि त्या मोकळ्या जागेत चिकटवते, कॉम्प्युटरवर. मी म्हटलं, त्याला लाइट मॅच करावा लागेल, उंची मॅच करावी लागेल, त्यापेक्षा रिफ्लेक्टर... ती म्हणाली, बाबा, तू फक्त उभा राहा.

त्या दिवशीचाच शर्ट घातला. फ्रिजच्या शेजारच्या भिंतीला उभं केलं मला. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. समोरच्या माणसांना हे इतकं अवघड जातं, हे कोणी सांगितलं नव्हतं. कन्या म्हणाली, मोबाइलकडे नको बघूस, आजीकडे बघ. आई समोर खुर्चीवर बसली होती. तिने मागितल्यासारखा हात पुढे केला, त्या फोटोत आहे तसा. मी तिच्याकडे बघितलं.

झालं, कन्या म्हणाली. एकच फोटो.

दुसरा घ्यायला सांगणार होतो. सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

फ्रेम होऊन आली. बायकोने खिळा ठोकला. मी फोटोत आहे. सगळ्यांवर उजेड डावीकडून, माझ्यावर उजवीकडून. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, बोटभर वर आहेत. माझ्या खांद्यामागे फ्रिजचं हँडल थोडं राहिलंय. क्वालिटी कंट्रोलमध्ये असा माल मी पास केला नसता.

आई फ्रेमपुढे बराच वेळ उभी राहिली. एकेकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. मग म्हणाली, आले सगळे.

फ्रेम लावल्यावर लक्षात आलं की कन्या कोपऱ्यातली पाठ पुसायला विसरली. म्हणजे फोटोत मी दोनदा आहे. एकदा तरंगताना आणि एकदा बॅगेत तोंड घालून. बायको म्हणाली, राहू दे आता, परत कुठे काच काढत बसता.

फोटो धाकट्याला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. खूप खूश झाला. म्हणाला, दादा, तू किती छान आला आहेस, आणि मला तर आठवतच नाही तू तेव्हा शेजारी उभा होतास ते. मग म्हणाला, पण तो खाली वाकलेला माणूस कोण? केटररचा का?

मी म्हटलं, हो.